‘कुठला सिनेमा केलात?’

मागच्या गणपतीत शेजारच्या वहिनींनी एका काकांशी माझी ओळख करून दिली. “ही संगीतकार आहे हं.” काका खूश. “अरे वा! कुठला सिनेमा केलात?” मी म्हटलं, सिनेमा नाही, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट अशा वाद्यांसाठी लिहिते, कार्यक्रमात वाजतं ते. “हां, म्हणजे ऑर्केस्ट्रा. रिसेप्शनला असतो तो.” मी मान हलवली. आरतीच्या रांगेत कुठे वाद घालायचा!

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी एक-दोन मुलं-मुली घरी येतात. सोबत बहुधा आई, आणि आईच्या चेहऱ्यावर काळजी. कसं शिकायचं, कुठे शिकायचं, पोट भरतं का, हे तीन प्रश्न ठरलेले. बोलून बोलून घसा बसतो, म्हणून यंदा लिहून काढते आहे.

आधी हे काम नक्की काय आहे ते. मराठीत त्याला धड शब्द नाही. ‘संगीतकार’ म्हटलं की गाण्याला चाल लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ‘वाग्गेयकार’ म्हटलंय, पण तो शब्द आणि स्वर दोन्ही रचणारा. मी काय करते, तर कागदावर सूचना लिहिते. चार, आठ, क्वचित चाळीस माणसांनी वाजवायच्या सूचना. त्यातली निम्मी माणसं मला आधी भेटलेली नसतात आणि तालमी मिळतात दोन. माझ्या मनातलं त्यांच्या बोटांतून यायला हवं असेल, तर ते कागदावर नीट उतरलेलं पाहिजे. चाल सुचणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. अंघोळ करतानाही सुचते.

मी पेठेत वाढले. पुण्यात गाणं शिकायला अडचण कसली! भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली काढलेला भारत गायन समाज इथलाच, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय इथलंच, आणि गल्लीबोळांतल्या क्लासेसची तर मोजदाद नाही. मी विशारद झाले, बंदिशी बांधायला लागले, आणि वाटलं की आता हेच चार वाद्यांसाठी लिहिलं की झालं. या गैरसमजात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

भातखंडे लिपी आम्हाला हाताच्या मळासारखी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर, एका मात्रेत दोन-तीन स्वर आले की खाली चंद्रकोर. पण ती लिपी आठवण करून देण्यासाठी आहे. ज्याने ती बंदिश गुरूसमोर बसून घेतली आहे, त्याला कागद बघून पुढचं आठवतं. कुठे मींड घ्यायची, कुठे स्वराला नुसतं स्पर्शून सोडायचं, आवाज कुठे लहान करायचा, हे कागदावर नसतंच. ते गुरूच्या गळ्यातून आलेलं असतं. पाश्चात्त्य संगीताच्या पाच रेघांच्या लिपीत मात्र वाजवणाऱ्याला तुमचा गुरू माहीत नसतो. जे लिहिलं नाही ते वाजत नाही, आणि जे चुकीचं लिहिलं ते इमानेइतबारे चुकीचं वाजतं. माझा पहिला तुकडा चार व्हायोलिनवाल्यांनी वाजवला तेव्हा एकाही स्वराला काही घडत नव्हतं. सगळे स्वर सरळ उभे, शाळेच्या प्रार्थनेत उभे राहिल्यासारखे. मी म्हटलं, “जरा भाव आणा ना.” त्यातला एक म्हणाला, “ताई, तो कुठल्या बारमध्ये आणू?” बार म्हणजे कागदावरचा मात्रांचा एक खण.

मग मी कॅम्पात, म्हणजे लष्कर भागात गेले. पुण्यात गाण्याची दोन गावं आहेत. एक पेठांमधलं, दुसरं कॅम्पातलं: पारशी घरांतले पियानो, चर्चमधले कॉयर, पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम. मध्ये चारेक किलोमीटर अंतर, पण पेठेतल्या माणसाला ते गाव ठाऊक नसतं आणि कॅम्पातल्याला सवाई गंधर्व महोत्सवाचं तिकीट कुठे मिळतं ते. तिथे एक वयस्क बाई पियानो शिकवायच्या. मी पंचविशीची, माझ्या आधीच्या तासाला सात वर्षांचा मुलगा, नंतरच्या तासाला नऊ वर्षांची मुलगी. लाज वाटायची. पण ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या थिअरीच्या परीक्षा पहिलीपासून आठवीपर्यंत असतात, आणि त्या क्रमाने दिल्याचा मला फार उपयोग झाला. सर्टिफिकेटचा नव्हे. वरच्या परीक्षांना बाखच्या कोरालसारखं, म्हणजे चार आवाजांच्या चर्चगीतासारखं काहीतरी सोडवावं लागतं, त्याचा.

त्या धड्यांत एक नियम येतो: दोन आवाज समांतर पंचमात चालवायचे नाहीत. मी रडकुंडीला आले. आपला तंबोरा जन्मभर प-सा-सा-सा म्हणत बसलेला, आपल्या कानाला पंचमाइतकं गोड काही नाही, आणि इथे तो गुन्हा! महिनाभर बाईंशी भांडले. मग लक्षात आलं की चारही आवाज वेगवेगळे ऐकू यावेत म्हणून तो नियम आहे. दोन आवाज पंचमात एकत्र चालले की एकमेकांत मिसळून एकच होतात. एकच व्हायला हवे असतील तर खुशाल चालवा. नियमामागचं कारण कळलं की तो मोडायचा कधी तेही कळतं. नव्याने शिकणाऱ्यांनी मात्र वर्षभर तरी पाळावा. सुरुवातीलाच ‘मी भारतीय आहे, मला हे लागू नाही’ म्हणून सुटणारे पुष्कळ पाहिलेत. त्यांचं पुढे सगळंच एका सुरात वाजतं.

वाद्यं मी पुस्तकातून कमी आणि माणसांकडून जास्त शिकले. माझ्या पहिल्या चौकडीत, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा रचनेत, मी व्हायोलाला एक स्वर लिहिला. पेटीच्या पट्ट्यांच्या हिशोबाने खर्जातली पांढरी सात. व्हायोलाची सगळ्यात खालची तार पांढरी एकची, तिच्या खाली काही नाही. वाजवणाऱ्याने व्हायोला माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “कुठे आहे दाखवा, वाजवतो.” पुस्तकात व्हायोलाची मर्यादा मी तीनदा वाचली होती. तरी लिहिला. तेव्हापासून कुठल्याही वाद्यासाठी लिहायच्या आधी मी ते वाद्य वाजवणाऱ्याच्या घरी एक संध्याकाळ जाऊन बसते.

क्लॅरिनेट मला लग्नाच्या बँडमधल्या एका काकांनी शिकवला. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, गणपतीचे दिवस सोडले तर त्यांना सवड. त्यांना पाच रेघा वाचता येत नव्हत्या. पण मी पुस्तकातून ‘बी फ्लॅट क्लॅरिनेट हे स्थानांतरित वाद्य आहे’ असं काहीतरी घोकून गेले होते, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं: “आम्ही बोटं पांढरी एकची लावतो, पेटीवर ती काळी पाच निघते.” बस. मला खरोखर पांढरी एक ऐकू यायला हवी असेल तर कागदावर पांढरी दोन लिहायची. त्यांनीच दाखवलं की या वाद्याच्या मधोमध एक नाका आहे. खालच्या भागातल्या वरच्या टोकाच्या स्वरावर जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात आणि पुढच्याच स्वराला ती सगळी एकदम झाकावी लागतात. त्या नाक्यावर मागे-पुढे करणारी जलद तान लिहिली की चांगला वाजवणाराही अडखळतो. माझी आवडती तान नेमकी तिथेच होती. ती मी थोडी वर नेली, आणि ती तिथे जास्त छान लागली.

हे संगणकावर कळत नाही. म्युझस्कोर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठी घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं, नव्या मुलांनी तेच घ्यावं. सिबेलियस आणि डोरिको यांच्या पूर्ण आवृत्त्यांना पैसे पडतात. कामं मिळायला लागल्यावर बघा. पण त्यातून जे वाजतं त्यावर विश्वास ठेवू नका. संगणकातली बासरी खालच्या सप्तकात तीन ट्रम्पेटवर मात करते. खरी बासरी तिथे इतकी नाजूक की शेजारच्याने पान उलटलं तरी बुजते. संगणकाला श्वास घ्यावा लागत नाही, त्याचा दंड दमत नाही, त्याला गज उलटवावा लागत नाही. आणि सॉफ्टवेअर कायमचं नसतं हेही ध्यानात ठेवा. फिनाले या अशाच सॉफ्टवेअरवर लोकांनी तीस-पस्तीस वर्षांचं काम ठेवलं होतं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. माझ्या सुरुवातीच्या फाइली त्यातच होत्या. आता प्रत्येक रचना मी पीडीएफ आणि म्युझिक-एक्सएमएल अशा दोन्ही रूपांत ठेवते, आणि एक छापील प्रत आईच्या लोखंडी कपाटात.

रागाचं काय करायचं, हे प्रत्येक जण विचारतो. दरबारीचा गंधार पियानोवर वाजवून बघा. वाजत नाही, तिथे कोमल ग ची एक पट्टी आहे आणि दरबारीचा गंधार पट्टीवर बसत नाही, झुलतो. व्हायोलिन-चेलोवर तो होऊ शकतो. पहिल्यांदा मी त्याचं आंदोलन स्वरलिपीत लिहायचा प्रयत्न केला. दोन मात्रांत नऊ स्वर, वर बाण, खाली पाव-सुरांची चिन्हं. बिचारी चेलोवाली गणित सोडवत बसली. आता मी कागदावर नुसता लांब गंधार लिहिते, वर एक नागमोडी रेघ काढते, आणि तालमीत तो गाऊन दाखवते. तिसऱ्या वेळेला तिला येतो. सांगाडा कागदावर आणि हलणं गळ्यातून, अशी माझी वाटणी झाली आहे. हे सगळ्यांना पटत नाही. परदेशात रचना पाठवायची तर तिथे गाऊन दाखवायला तुम्ही नसता, हा आक्षेप खरा आहे. तिथे मी सोबत माझ्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण पाठवते.

तबलजी बरोबर असेल तर दुसरा घोळ. तो समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून मोजतो, बाकीचे बारचे आकडे बघतात. आपला द्रुत तीनतालातला मुखडा बऱ्याचदा नवव्या मात्रेपासून उठतो. व्हायोलिनवाल्यांना ते अर्ध्यातून सुरू झाल्यासारखं वाटतं आणि ते समेऐवजी भलत्याच जागी जोर देतात. मी प्रत्येक समेवर मोठा फुलीचा खूण-शिक्का मारते, सगळ्यांच्या पानांवर, आणि तबलजीला वेगळं एक पान देते: इतकी आवर्तनं ठेका, इथे थांब, इथे चेलो एकटा, इथे तिहाई. तिहाई मात्र पाश्चात्त्य वादकांना फार आवडते. तीनदा तेच वाजवून बरोबर समेवर पडायचं, हे एकदा समजलं की ते लहान मुलांसारखे खूश होतात.

आता पोटाचं. नुसत्या मैफलीच्या रचनांवर पुण्यात घर चालत नाही. माझं चालत नाही, आणि माझ्या ओळखीत कुणाचंही चालत नाही. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. अमेरिकेचा चार्ल्स आइव्ह्ज तीसेक वर्षं विम्याचा व्यवसाय करत होता. फिलिप ग्लासने न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवली, नळदुरुस्ती केली. त्याचा मोठा ऑपेरा गाजला तेव्हाही टॅक्सी सुटली नव्हती, ती सुटली एक्केचाळिसाव्या वर्षी. आपले वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलाँजेकडे शिकून आले आणि इथे जाहिरातींच्या जिंगल्स करत राहिले. ‘अंकुर’ आणि ‘तमस’चं संगीत सगळ्यांना ठाऊक, त्यांनी पियानोसाठी आणि गाणाऱ्यांसाठी लिहिलेलं किती जणांनी ऐकलंय? पुण्यातच आनंद मोडक बँकेतली नोकरी सांभाळून नाटका-सिनेमांना संगीत देत होते, आणि भास्कर चंदावरकर फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’चं संगीत चंदावरकरांचं. मी आठवड्यातले चार दिवस थिअरी शिकवते. सकाळचे तीन तास मात्र लिहायचे. त्यात कुणाचाही फोन घेत नाही, बँकेचाही नाही.

लिहायचं काम या शहरात मिळतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक नाटक. कॉलेजात असाल तर फिरोदिया करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सोडू नका. रंगमंचावर वाजवायचं संगीत, घड्याळ लावलेलं, हातात जे वादक असतील त्यांच्यासाठी लिहिलेलं. यापेक्षा चांगली शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या वेळी आमच्या टीममध्ये तीन व्हायोलिन, एक ढोलकी आणि एक सॅक्सोफोन होता. त्यांच्यासाठीच लिहावं लागलं, आणि जमलं.

दुसरं ठिकाण कथक. रोहिणी भाट्यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून हे शहर कथकचं आहे, आणि नृत्यसंरचनेला नवं संगीत सतत लागतं. नर्तकींइतके चोख गिऱ्हाईक नाहीत. तिथे ‘साधारण दोन मिनिटं’ चालत नाही. एकशे बारा मात्रा म्हणजे एकशे बारा. माझ्या पहिल्या नृत्यनाटिकेचे आठ हजार रुपये मिळाले, त्यातले साडेपाच हजार वादकांना गेले, पाचशे छपाईला. उरलेल्यातून मी आईला साडी घेतली आणि घरी सांगितलं की कंपोझिशनवर भागतं.

पैशाइतकाच कागद महत्त्वाचा. सुरुवातीला एका माहितीपटाला मी संगीत दिलं, सगळं बोलण्यावर. पुढे तेच संगीत दुसऱ्या तीन ठिकाणी वाजलं. तक्रार करायला गेले तर हातात काही नव्हतं. तेव्हा कायदा वाचला, आणि तो आपल्या बाजूने बराच आहे हे पाहून चकित झाले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमची रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्रण निर्मात्याचं असलं तरी रचना आपोआप त्याची होत नाही. रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही. १९९४ पूर्वी संगीतरचना लिहिलेली किंवा छापलेली असावी लागे, ती अट आता नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या रचनेच्या रॉयल्टीतला वाटा रचनाकाराकडून सहजी काढून घेता येत नाही. रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासदत्व घ्या.

माझं स्वतःचं एक पानी पत्र आहे, मराठीत. किती मिनिटांचं, कोणत्या वाद्यांसाठी, कधी द्यायचं, निम्मे पैसे आधी, पानं छापायचा खर्च कुणाचा, तालमी किती, पुन्हा वाजवायचं तर काय. ते पुढे केल्यावर एका गृहस्थांनी “अहो, विश्वास नाही का आमच्यावर?” म्हणून काम काढून घेतलं. ते काम गेलं याचा मला अजून आनंद आहे.

लोकगीत वापरायचं तर याहून जास्त जपून. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यातून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. आता त्यातल्या पुष्कळ ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. मी दोन चेलोंसाठी एक तुकडा लिहिला तो त्यातल्या एका ओवीच्या लयीवरून. जात्याचा फेरा पुरा होतो तिथे ओळ संपतेच असं नाही, थोडी मागे राहते, ते मागे राहणं मला हवं होतं. स्वर मी घेतले नाहीत. तरी कार्यक्रमपत्रिकेत त्या बाईंचं नाव माझ्या नावाच्या वर छापलं.

पदवी हवीच का? परदेशी जायची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असेल तर जा, रोज तुमचं लिखाण वाजवणारी मुलं तिथे शेजारच्या खोलीत असतात, तेवढ्यासाठीच जा. इथे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, चेन्नईला रहमान यांनी २००८ साली काढलेली केएम कन्झर्व्हेटरी आहे. आणि मुंबईला एनसीपीए या कलासंस्थेत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. हंगामात डेक्कन क्वीन पकडून जा, शक्य तर तालमीही ऐका, स्वरलिपी मांडीवर ठेवून. स्पर्धांना रचना पाठवा, पण ‘तुम्ही जिंकलात, आता ध्वनिमुद्रणाचा खर्च भरा’ असं पत्र आलं तर उत्तर देऊ नका. मला अशी चार आली आहेत.

ऐकणाऱ्यांबद्दल राहिलं. पुण्यात असलं नवं काही ऐकायला कोण येणार, असं मलाही वाटायचं. एका छोट्या रंगमंचावर माझी चौकडी वाजली, चाळीसेक माणसं होती. मी घाबरून निवेदनात सांगून टाकलं की यात राग वगैरे काही नाही, कृपया शोधू नये. संपल्यावर तिसऱ्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत आले. “चांगलं होतं. पण राग नाही म्हणालात, मग मला मारवा का दिसत होता?” मी ठासून सांगितलं, मारवा नाही. घरी येऊन चेलोचं पान काढलं. पंचम कुठेच नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, धैवतावर मुक्काम, आणि षड्ज टाळत टाळत शेवटच्या बारपर्यंत नेलेला. सहा महिने मी ते लिहीत होते आणि मला दिसलं नव्हतं.

पुढच्या आवृत्तीत मी त्या रचनेचं नाव बदललं. आजोबांचा फोन नंबर घ्यायचा राहिला, ते मात्र चुकलं.